सशीच्या कपाळावरचं कुंकू

आमचे साहेब कांदा-लसूणसुद्धा खात नाहीत. उत्तरायणला, म्हणजे संक्रांतीला, पतंगांच्या मांज्याने कापलेली कबुतरं उचलून आणतात, फोटो काढतात आणि महिनाभर मिरवतात. बाकी वर्षभर प्रयोगशाळेत आम्ही त्यांच्याच हाताखाली सशांच्या भादरलेल्या पाठीवर साडीचे रंग चोपडतो, कातडी लाल होते का ते बघायला. लिपस्टिक-पावडरसाठी हे करायला आपल्याकडे कायद्याने बंदी आली. साडीच्या रंगाला कोण विचारतंय! काचेच्या बशीत वाढवलेल्या कातडीवरही हल्ली ही तपासणी होते, असं मी एकदा म्हटलं. "बेन, नीतीचं बघायला आपली समिती छे ने!" म्हणाले. समिती चहा पिते आणि सही करते.

एका खेपेला मात्र मी हट्टाने एक गोष्ट पदरात पाडून घेतली. तुलनेसाठी जिच्या पाठीला नुसतं पाणी लावायचं, ती पांढरी सशी काम संपलं की पांजरापोळात सोडायची. साहेबांनी चारचौघांत शब्द दिला.

मग आला दसरा. आमच्या गोडादऱ्याच्या वस्तीत लूम, म्हणजे यंत्रमाग, पुसून त्याला हळदकुंकू वाहतात. माझे वडील जन्मभर तेच करत आले, आणि लोखंडाचं त्यात काही बिघडत नाही. हे कुणीतरी साहेबांच्या कानावर घातलं आणि त्यांच्या अंगात भक्ती संचारली. ससे म्हणजे आपली साधनंच की! ताट घेऊन आत शिरले. मी आडवी आले, "साहेब, चाचणी चालू आहे, हात लावू नका."

"अरे, धरमनी वात छे!" म्हणत मानगूट धरून एकेकाच्या कपाळावर हे भलंमोठं बोट ओढलं.

ससा पंजाने तोंड पुसतो, अंग चाटतो. सकाळी सशीचे डोळे सुजून मिटलेले, पाठीवर लाल चट्टे. बाजारचं कुंकू, तेही रंगच. आता कुणाची कातडी कशाने लाल झाली, कोण सांगणार?

"बगडी गयां. नवां मंगावी लो," साहेब म्हणाले. बिघडले म्हणे, नवे मागवा! पांजरापोळाची आठवण केली, तर सुजलेलं जनावर तिकडे पाठवून आपली अब्रू घालवायची का, असं उलट मलाच विचारलं. सगळ्यांना इंजेक्शन दिलं. सशी माझ्या हातात गेली. वर हा माणूस म्हणतो, पूजा होऊन गेले, पुण्यवान जीव. थू असल्या पुण्यावर!

घरी आईला सांगितलं. "पूजा करीसन मारी टाकं?" एवढंच ती म्हणाली आणि त्या दिवशी जेवली नाही.

यंदा दसऱ्याला ताट पुन्हा आलं. मी ते आधीच हातात घेतलं आणि साहेबांच्याच कपाळाला बोट लावलं, भरपूर कुंकू घेऊन. ते मागे सरकले, "अरे अरे, आंखमां जशे!"

"जाऊ दे की डोळ्यात, साहेब. बिघडलात तर नवे मागवू."

ते खो खो हसले. त्यांना वाटलं, मी थट्टा करतेय.