मेलेल्या नायिकेचे पोहे

सुज्ञ जनहो, भुताच्या मनगटावर घड्याळ असू नये, असे माझे नम्र मत आहे. जो कालातीत झाला, त्याने वेळ कशाला पाहावी?

अंबरनाथच्या फॅक्टरीतला माझा जुना सहकारी दिलीप हौसेने हँडीकॅमवर भयपट काढतो. त्याचा दुसरा भाग आज दुपारी त्याच्या कॅम्प चार वस्तीतल्या घरी पाहिला. भूत त्याचा मेहुणा, नायिका वहिनी. पहिल्या भागात आम्ही खरंच दचकलो होतो. आज हसू आवरेना, कारण तेव्हा विहिरीत बुडून मेलेली नायिका इथे निवांत पोहे परतत होती.

"दिल्या, ही मेली होती ना रे? पुनर्जन्म झाला की काय?"

तो हसला नाही. "कोण मेली? विहिरीचा सीन आपण कधी केला?"

वहिनींना विहिरीत उतरवताना दोर मीच धरला होता.

निघताना दारात वहिनी हळूच म्हणाल्या, "भाऊजी, शूटिंगलाच मी सांगितलं यांना, अहो, मी मेलेय. ऐकेचनात. वाद नको म्हणून केले पोहे."

चित्रपट वाईट आहे, त्याचं काही नाही. दिलीप माझ्याहून दोनच वर्षांनी मोठा आहे. त्याला "डॉक्टरकडे चल" असं कसं म्हणतात? तुम्ही कुणाला म्हटलंय कधी? माझी हिंमत होत नाहीये.