उत्तरेच्या विंगची थंडी

गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलणार आहे. ज्याच्यापायी चौदा वर्षं बोलणी खाल्ली, त्याच्याबद्दल नाही बोलायचं तर कुणाबद्दल बोलायचं?

त्यांना सगळे पाताळराव म्हणायचे. धंदाच तसा होता. पाण्यासाठी बोअर मारणारे पुष्कळ असतात, हे मारायचे ते इमारती उबदार ठेवायला. जमिनीत पार खोल गेलं की वर कडाक्याची थंडी असो नाहीतर उन्हाचा भडका, खालच्या मातीला त्याचं काही देणंघेणं नसतं. तिथली ऊब बारा महिने तेवढीच. तर एकशेवीस मीटर भोक पाडायचं, टोकाशी वळवलेली काळी नळी खाली सोडायची आणि भोवती सिमेंटचा पातळ चिखल भरून भोक बुजवायचं. नळीतून पाणी फिरतं, खालची ऊब घेऊन वर येतं आणि मशीन ती वाढवून खोल्यांत सोडतं. उन्हाळ्यात उलटं, खोल्यांतली गरमी खाली नेऊन टाकायची. ते मशीन म्हणजे हीट पंप, आणि त्याची उस्तवार करणारा मेकॅनिक म्हणजे मी.

आमचा वृद्धाश्रम बांधत होते तेव्हा मी नवाच लागलो होतो. पाताळराव बोअर मारायच्या रिगवर उभे, नखशिखांत चिखलाने माखलेले, फक्त डोळे आणि दात तेवढे दिसायचे. मी बाजूला उभा राहिलो की ओरडायचे, "अहो मेकॅनिक, खिशात हात घालून काय बघताय? सिनेमा लागलाय का इथे?" आणि मग स्वतःच शिकवत बसायचे. दगड लागला की रिगचा आवाज कसा बदलतो, सिमेंटचा चिखल वरून ओतायचा नाही, नळीने तळापासून वर भरत आणायचा, नाहीतर मधे हवा अडकते. एकदा म्हणाले, "आपल्या कामात खाली वाकून बघायला कुणी येत नाही. म्हणून आपणच आपले साहेब व्हायचं." मला तो माणूस देवासारखा वाटला. काय करणार, वय लहान, अक्कल त्याहून लहान.

दक्षिणेच्या विंगला चार बोअर होते, उत्तरेच्या विंगला तीन. पहिल्याच हिवाळ्यात उत्तरेच्या विंगचं मशीन कडाक्याच्या दिवशी बंद पडलं. खालून पाणी जेवढं कोमट यायला हवं तेवढं येईना. पुढच्या हिवाळ्यात तेच, त्याच्या पुढच्या हिवाळ्यातही तेच. म्हातारी माणसं स्वेटरवर स्वेटर चढवून पलंगावर मुटकुळं करून बसायची. माझं नाव पडलं थंडोबा. एक निवृत्त बाई होत्या, जन्मभर शाळेत शिकवलेल्या, त्या मला दारातच अडवायच्या, "काय रे थंडोबा, तुझं मशीन माझ्याहून म्हातारं झालं का?" मी हसायचो. हसण्यावारी न्यायचं नाही तर काय?

दोनदा मशीन बदललं. कंपनीची माणसं यायची, फाइल उघडायची. तीन बोअर, प्रत्येकी एकशेवीस मीटर, खाली सही. म्हणजे जमीन ठीक, मशीन नवं, उरला कोण? मी. माझ्यामागून लागलेला माणूस सुपरवायझर झाला आणि मी त्याच मशीनरूममध्ये पाने-पकडी घेऊन राहिलो. बायको म्हणायची, "इतकी वर्षं एका मशीनशी झटताय, एवढ्यात तर मी तुम्हालाही सुधारलं असतं."

नळीत पाणी किती मावतं एवढं मोजलं असतं तरी अर्ध्या दिवसात सगळं उघडं पडलं असतं. मी मोजलं नाही. बोअर पाताळरावांनी मारले होते. मित्राचं काम कोण मोजतं?

हो, मित्रच. त्यांची बायको गेली ती इमारत झाली त्याच वर्षी. मूलबाळ नव्हतं. दर रविवारी सकाळी ते मशीनरूममध्ये यायचे, समोरच्या टपरीवरून दोन कप चहा घेऊन. पहिला प्रश्न ठरलेला, "उत्तरेचं काय म्हणतंय?" मी रडगाणं गायचो, ते खाली मान घालून ऐकायचे. मला वाटायचं, किती जीव आहे या माणसाचा माझ्यावर!

दोन वर्षांपूर्वी त्यांचे गुडघे गेले आणि ते आमच्याकडेच राहायला आले. व्यवस्थापक बाईंनी दक्षिणेची, उन्हाची खोली देऊ केली. यांनी उत्तरेची कोपऱ्यातली मागितली, तिन्ही बाजूंनी वारा लागणारी. मी म्हटलं, "अहो, तिथे तुमची कुल्फी होईल." म्हणाले, "सवय आहे मला." म्हातारपणी माणूस हट्टी होतो म्हणून मी सोडून दिलं.

यंदा हिवाळा तोंडावर आला तेव्हाची गोष्ट. सकाळी बागेत आम्ही दोघं बाकावर बसलो होतो. व्यवस्थापक बाईंनी आदल्या दिवशी मला तिसऱ्या मशीनबद्दल विचारलं होतं, आणि मला एकदम सगळ्याचा वीट आला होता. मी म्हटलं, "पाताळराव, मी राजीनामा देतो. मला हे काम येतच नाही. कधी आलंच नाही."

त्यांनी काठी बाकाला टेकवून ठेवली. मग म्हणाले, "तुमचं काही चुकलेलं नाही. दुसरा बोअर पंच्याऐंशी मीटर आहे. तिसरा ब्याऐंशी."

मला आधी कळलंच नाही.

"हिला तेव्हा दवाखान्यात ठेवलं होतं," ते म्हणाले. "भेटायची वेळ चार ते सहा. खाली दगड असला लागला की दिवसभर रिग चालवून पुढे सरकेना. दिवस मोजून दिलेले, रिग दुसरीकडे जायची होती. साडेतीन वाजले की मी थांबलो. एके दिवशी पंच्याऐंशीला, दुसऱ्या दिवशी ब्याऐंशीला. नळी सोडली, भोक बुजवलं, एकशेवीस लिहिलं आणि पळालो. त्या दुसऱ्या दिवशी ती बोलली. मला जवळ बोलावून म्हणाली, कानात माती आहे अजून तुमच्या. पदराने पुसली. त्यानंतर ती शुद्धीवर आली नाही."

"मग नंतर तरी सांगायचं होतं!" मी ओरडलो. माळी वळून बघायला लागला. "चौदा वर्षं मूग गिळून बसलात? माझ्यासमोर बसून चहा प्यालात?"

"पहिल्यांदा वाटलं, काय फरक पडणार आहे. मग तुम्हाला बोलणी बसायला लागली. जितका उशीर होत गेला तितकं तोंड उघडेना. शपथ घेऊन सांगतो, दर रविवारी सांगायचं म्हणूनच येत होतो."

"आणि उरलेली नळी?"

त्यांनी बागेकडे बोट दाखवलं. नळीवर दर मीटरला आकडा छापलेला असतो, खालच्या वळणापासून वरपर्यंत. मी गेलो, माळी ज्या काळ्या नळीने झाडांना पाणी घालायचा तिचा चिखल अंगठ्याने पुसला. ब्याऐंशी. त्र्याऐंशी. तशीच पुढे एकशेवीसपर्यंत. रोज तिला ओलांडून मी कामावर जात होतो.

त्याच दिवशी पाताळरावांनी स्वतःहून व्यवस्थापक बाईंना लिहून दिलं. वरची मंडळी आली, माझ्याशी हात मिळवून गेली. उन्हाळ्यात नवे बोअर मारायचं ठरलं, आणि तोवर उत्तरेच्या बारा खोल्यांसाठी बारा विजेचे हीटर मागवले. माझ्या कपाळावरचा डाग पुसला गेला. सुपरवायझर मला पहिल्यांदा साहेब म्हणाला.

मी मात्र पाताळरावांशी बोलणं टाकलं. जेवणाच्या हॉलमध्ये त्यांनी "मेकॅनिक" म्हणून हाक मारली की मी भिंतीकडे बघायचो. रविवारी ते काठी टेकत, दोन कप सांभाळत आले. मी म्हटलं, "काम आहे मला." एक कप ते ठेवून गेले. मी तो मोरीत ओतला.

हीटर आले आणि त्याच दिवशी थंडीची लाट आली. वाटायचं काम माझंच होतं. अकरा खोल्यांत मी स्वतः जाऊन लावून दिले. शाळेच्या बाईंना तर चालू-बंद कसं करायचं ते तीनदा समजावलं. बारावा, पाताळरावांच्या वाट्याचा, स्टोअरच्या कपाटात कुलपात ठेवला. मागितला तर देऊ, असं ठरवलं. एकदा मागायला तर येऊ दे, म्हटलं.

ते आले नाहीत. शाळेच्या बाईंनी त्यांना विचारलं म्हणे, तुम्हाला नाही का दिला? तर म्हणाले, मला गरमच होतं हो. हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. कळूनही मी कपाट उघडलं नाही. किल्ली माझ्याच खिशात होती, दिवसभर हाताला लागत होती.

तिसऱ्या दिवशी ते उठले नाहीत. ताप, छाती भरलेली. दवाखान्यात नेलं आणि सहाव्या दिवशी गेले. डॉक्टर म्हणाले, वय झालं होतं, छाती आधीपासून अधू होती. म्हणोत बापडे. मी माणूस मारला असं कुणी म्हणणार नाही, आणि ते मला एकट्यालाच माहीत असणार आहे.

व्यवस्थापक बाई त्यांची खोली आवरायला घेत होत्या. मला बोलावून त्यांनी सहज विचारलं, "त्यांच्या खोलीत हीटर होता ना हो?"

"होता," मी म्हणालो.

बाईंनी मान हलवली आणि चादरीची घडी घालायला घेतली.