पहारीसमोर उभा राहिलेला माणूस

त्या माणसावर माझा अजून राग आहे. देवळाली कॅम्पातल्या सिमेंटच्या बास्केटबॉल कोर्टवर त्याचा सत्कार होता आणि मंडपाचं कंत्राट माझं होतं. परदेशी क्लबांकडून खेळून निवृत्त झालेला गार्ड. चेंडू पुढे नेणं, लांबून बास्केट करणं, समोरच्याला अडवणं, सगळं त्याला जमायचं, असं मंडळवाले सांगत होते.

खांबासाठी आम्ही पहार उचलली आणि तो येऊन नेमका खड्ड्याच्या खुणेवर उभा राहिला.

"साहेब, बाजूला व्हा. तुमच्यासाठीच खड्डा खणतोय."

"माझ्यासाठी? इतक्यात नको," तो म्हणाला.

मी डावीकडे दुसरी खूण केली. गुडघे वाकवून, हात पसरून तो सरकत तिथे आला. उजवीकडे गेलो, तिथेही हजर. गुडघे कटकट वाजत होते, पण पाऊल चुकत नव्हतं. माझेच कामगार हसायला लागले.

मी भडकलो. "खांद्यावर बांबू वाहून धंदा उभा केलाय मी. आजवर मला कुणी अडवलं नाही!"

"सत्कार तासाभरात संपेल, शेठ. खड्डा इथे खेळणाऱ्या पोरांच्या पायाखाली राहील."

यावर काय घासाघीस करणार? मी गोदामातून वाळूचे ड्रम मागवले आणि खांब त्यांत उभे केले. जादा भाडं मागायचंही विसरलो. मी!

सत्कारात त्याने शाल घेतली, नारळ घेतला, खुर्ची मात्र नाकारली. शेवटपर्यंत त्या खुणेवरच उभा होता, नजर माझ्या पहारीवर. त्याला माझा भरवसा नव्हता. बरोबरच होतं त्याचं.