सुमनताईंनी मागितलेला रस्ता

कळा नुकत्याच सुरू झालेली बाई आली, की तिला तपासून "अजून वेळ आहे, घरी जाऊन या" असं सांगायची आमच्या बोरिवलीच्या प्रसूतिगृहात पद्धत होती. खाटा कमी, बायका जास्त. सुमनताईंनी मात्र माझ्या देखत एकाही बाईला परत पाठवलं नाही. जागा नसली तर तिला बाहेरच्या बाकावर बसवायच्या, आपल्या थर्मासमधला चहा पाजायच्या. डॉक्टर वैतागायचे. "सिस्टर, ही मागच्या गल्लीत राहते. रिक्षानं दोन मिनिटांत येईल."

"बसू दे ना सर. बाक काय झिजणार आहे?" असं म्हणून सुमनताई पुढच्या खाटेकडे वळायच्या.

मी नर्स म्हणून लागले ती त्यांच्याच हाताखाली. उंच, सडसडीत, आवाज खणखणीत. लग्न केलेलं नव्हतं. काजूपाड्यात एका खोलीत एकट्याच राहायच्या. "ओरड गं, लाजू नको. इथे काय तुझा सासरा बसलाय?" असं कळा देणाऱ्या बाईला दटावता दटावता तिच्या कपाळावरचा घाम पुसायच्या.

त्यांचं गाव संगमेश्वरच्या बाजूला, सह्याद्रीच्या अगदी पोटात. एसटी डोंगराच्या पायथ्याशी थांबायची. तिथून वर वाडीपर्यंत लाल मातीचा, खडी उखडलेला अरुंद रस्ता. पावसाळ्यात तोही वाहून जायचा. या रस्त्यासाठी सुमनताईंनी अर्धं आयुष्य घालवलं. वाडीतली मुंबईकर मंडळी मालाडला एका शाळेच्या वर्गात जमायची. तिथे एकदा मी त्यांच्याबरोबर गेले होते. देवळाच्या नव्या सभामंडपाची चर्चा रंगात आली होती. सुमनताई उठल्या आणि म्हणाल्या, "सभामंडप नंतर. आधी रस्ता. देव थांबेल, त्याला कळा येत नाहीत." त्या एवढ्या चिडून का बोलल्या, हे मला तेव्हा कळलं नाही.

शेवटी रस्ता मंजूर झाला. रुंदीकरण, मोऱ्या, वर डांबर. पण अर्ध्या डोंगरावर एक अवघड वळण होतं. तिथे शेजारच्या जमिनीतली पट्टी मिळाली नाही तर एसटी काय, रुग्णवाहिकाही वळणार नाही, असं इंजिनीयर सांगून गेले. ती जमीन काशिराम नावाच्या माणसाची होती आणि तो कुणालाच दाद देत नव्हता.

"ज्योती, माझ्यासोबत येशील का गं गावाला?" सुमनताईंनी मला विचारलं. त्या निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. कुणाला सोबत चल म्हणणारी ती बाई नव्हती. मी रजा टाकली.

काशिराम अंगणात सुपारी फोडत बसले होते. सुमनताईंना पाहून उठले नाहीत, बसा म्हणाले नाहीत.

"काशिराम, वळणावरची जागा दे," सुमनताई उभ्यानंच म्हणाल्या.

"माझी नंदा त्या वळणावर गेली," ते म्हणाले. "तिथं मी डांबर टाकू देऊ?"

नंदा ही सुमनताईंची धाकटी बहीण आणि काशिरामांची बायको, हे मला तिथे त्या अंगणात कळलं. पुढचंही कळलं. मी नोकरीला लागण्याआधीची गोष्ट. पहिलटकरीण नंदाला ऐन आषाढात, तिन्हीसांजेला कळा सुरू झाल्या. वाडीतल्या दुकानातून काशिरामांनी आमच्या वॉर्डात सुमनताईंना फोन केला.

"तूच बोललीस ना," काशिराम सुमनताईंकडे न बघता म्हणाले, "पयली खेप हाय, येळ लागंल, सकाळी निघा? सकाळी डोली उचलली. वळणावर दोघंही गेली. ती नि पोर."

"बोलले," सुमनताई म्हणाल्या. "मी तिथल्यासारखा हिशेब केला. बोरिवलीसारखा. माझं तोंड बघू नकोस हवं तर. जागा तेवढी दे."

ते पुन्हा सुपारी फोडायला लागले. आम्ही सुमनताईंच्या भावाच्या घरी मुक्कामाला गेलो.

सकाळी वळणाकडून दगडांचा आवाज येऊ लागला. जाऊन पाहतो तर काशिराम एकटेच आपल्या हद्दीचा गडगा काढत होते. एकेक दगड उचलून आत, नव्या हद्दीवर नेऊन रचत होते. सुमनताईंनी पदर खोचला आणि दगड उचलायला लागल्या. काशिरामांनी त्यांना थांबवलं नाही. दुपारपर्यंत दोघं असे काम करत राहिले. मी पाणी नेलं, ते दोघांनीही प्यायलं, एवढंच.

रस्ता पुरा झाला तेव्हा सुमनताई अंथरुणाला खिळल्या होत्या. पोटात गाठ होती, ती फार उशिरा कळली. वर चढणाऱ्या पहिल्या एसटीचा व्हिडिओ भाच्यानं मोबाइलवर दाखवला. "छान आहे," एवढंच म्हणाल्या. मग एके दिवशी फोन आला. वाडीतल्या एका सुनेला रुग्णवाहिकेतून खाली आणलं होतं, आई आणि मुलगी सुखरूप. सुमनताईंनी विचारलं, "कळा सुरू झाल्या झाल्या निघाले ना?" हो म्हटल्यावर त्यांनी भिंतीकडे तोंड वळवलं. मी पाठीवरून हात फिरवत राहिले. त्या बराच वेळ रडत होत्या.

पंधरवड्याच्या आतच त्या गेल्या. अंत्यविधी दुसऱ्या दिवशी सकाळी, बोरिवलीतच झाला. भाच्यानं अग्नी दिला. माणसं पांगायला लागली तेव्हा स्मशानाच्या भिंतीच्या कडेला काशिराम उभे दिसले. निरोप मिळताच एसटीत बसले होते, थेट वाडीतून.

मला ओळखून जवळ आले. "सिस्टर, एक बोलायचं व्हतं. तिला बोलायला पायजे व्हतं, राहून गेलं. त्या सांजेला तिला फोन करायच्या आधी मी जीपवाल्याला केला व्हता. या रस्त्यानं गाडी घालणार नाय बोलला. मधला पऱ्या दोन्ही काठ भरून वाहत व्हता, डोली पण उतरली नसती. ती आत्ता निघा बोलली असती तरी मी कसा निघणार व्हतो?"

"मग तुम्ही इतकी वर्षं..."

"कुणावर तरी राग धरायला पायजे व्हता," ते म्हणाले. "नायतर मी जगलो नसतो."

त्यांनी खांद्यावरच्या टॉवेलनं तोंड पुसलं आणि विचारलं, "तिला शेवटपर्यंत तसंच वाटत व्हतं काय? तिच्यामुळं झालं असं?"

नाही म्हणणं सोपं होतं. त्या म्हाताऱ्या माणसाला तेवढंच बरं वाटलं असतं.

"हो," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली आणि तिथेच पायरीवर बसले.