एकोणपन्नास शेंगा

गॅसवर वरणाचा कुकर, परातीत ज्वारीचं पीठ आणि मांडीवरच्या सुपात गवार, अशी प्रमोदिनीची सकाळ चालली होती. तोच दाराची कडी वाजली.

"बघता का जरा?"

गालाला साबण लावून उभे असलेले तिचे यजमान मार्तंडराव आरशातूनच म्हणाले, "तुझंच गिऱ्हाईक असणार. माझा फक्त दूधवाला, तो येऊन गेला."

दारात मागच्या गल्लीतली सविता होती आणि तिच्या पदराआड तिसरीतली ईश्वरी.

"वैनी, चार दिस झाले, ही साळंत जाईना. सरांनी फळ्यावर एकोणपन्नास लिव्ह म्हणलं, हिनं लिवलं पाचावर नऊ. तवापासून पोरं हिला 'एकोणसाठ' म्हणूनच हाक मारायलेत. आता म्हणती, साळाच नको."

प्रमोदिनी चारठाण्याची. परभणीच्या कॉलेजात गणित घेऊन बीएस्सी झाली आणि लग्न होऊन सोनपेठला आली. शिकवणी अशी तिनं कधी घेतली नाही. पण गल्लीतलं अडलेलं पोर शेवटी तिच्याच स्वयंपाकघरात येऊन बसतं. कुणी चिंचोक्यांवर बेरीज शिकलं, कुणी भाकरीवर भागाकार. "मला चतकोर भाकरी वाढून पाव म्हणजे किती ते विचारते," अशी मार्तंडरावांची तक्रार आहे.

तिनं सूप ईश्वरीपुढं सरकवलं, दोऱ्याचं रीळ दिलं. "दहा-दहा शेंगांच्या जुड्या बांध."

पाच जुड्या झाल्या.

"किती?"

"पन्नास."

"शेवटच्या जुडीतली एक शेंग मला दे. आता मोज."

ईश्वरीनं ती जुडी सोडली. "दहा, वीस, तीस, चाळीस. एकेचाळीस, बेचाळीस..." अठ्ठेचाळीसपर्यंत धावत आली आणि हातात उरलेल्या शेंगेकडं बघत थबकली. "एकोणपन्नास."

"भरलेल्या जुड्या किती?"

"चार."

"मग पाच कुठून आणलास?"

"नावातच पन्नास हाय की, काकू."

"हाय ना. पन्नासाला एक उणा, म्हणून एकोणपन्नास. नाव पुढच्या घरचं, पण राहतो अलीकडच्या घरात."

ईश्वरीनं जरा विचार केला. "आमच्या आत्यावानी. लगीन ठरलं तवापासून समदे तिला सासरच्या आडनावानं चिडवत्यात. पण ऱ्हाती आमच्यातच."

सविता पदर तोंडाला लावून हसत सुटली. मार्तंडरावांना दाढी थांबवावी लागली.

मग एकोणतीस झाले, एकोणसत्तर झाले. पाटीवर एकही चुकला नाही. "चल, आता दप्तर घे," सविता म्हणाली. ईश्वरी जागची हलली नाही.

"मला आलं. पण वर्गातल्या पोरान्ला कुठं माहीत हाय?"

प्रमोदिनी उठली. तिनं गॅस बंद केला, हात धुतले, चपला पायात सरकवल्या.

"अन् भाजी?" मार्तंडराव.

"जुड्या सोडून निवडून ठेवा. शिरा काढा."

शाळेच्या फाटकाशी ईश्वरीच्या वर्गाचे भागवत सर उभे होते. ईश्वरीनं काकूंचं बोट घट्ट धरलं होतं. सरांनी हसून विचारलं, "काय वहिनी, आज इकडं कसं काय?"

"सर, आज फळ्यावर हिलाच बोलवा. आणि एकोणपन्नासच विचारा."