बसम्माच्या बांधावरची गुणगुण

बसम्माला स्वप्नंसुद्धा रानातलीच पडायची. उदगीरजवळच्या आपल्या तीन एकरांबाहेर जायला ती झोपेतही तयार नसे. नवरा गुरुपादप्पा वैशाखात गेला, तेव्हा रिवाजाप्रमाणे त्याला रानातच, बांधाकडेला, बसवून माती दिली. तेव्हापासून उजाडलं की ती रानात आणि दिवस बुडाला की नाइलाजानं घरात.

जाण्याआधी गुरुपादप्पानं तिच्या हातात धोतराच्या चिंधीत बांधलेलं भोपळ्याचं बी ठेवलं होतं. आज्या-पणज्यापासून चालत आलेलं बी. मार्गशीर्ष अमावस्येच्या येळवशीला सगळं गाव रानात जेवतं, तेव्हा या घरात याच भोपळ्याची खीर व्हायची आणि त्यातलंच बी पुढच्या सालासाठी ठेवायचं. चिंधीतलं हे शेवटचं. ते वाया गेलं तर तसला भोपळा पुन्हा कुठं मिळणार नव्हता. आषाढात तिनं सगळं बी समाधीजवळ टोकलं.

श्रावणात तिच्या लेकानं, मल्लिनाथनं, बापावरच्या मायेपोटीच घोळ घातला. सोमवारी पाहुणे समाधीवर बेल वाहायला येणार. भोवती झुडपं काय बरी दिसतात? त्यानं बांधावरची बोर तोडली, टाकळ्यावर, रानफुलांवर तणनाशक मारलं. वेल तेवढे पोत्यानं झाकून जपले, एवढं शहाणपण होतं. बोरीतल्या मोहोळाच्या बारक्या माशा उठून कुठं गेल्या, ते कुणी पाहिलं नाही. पाहुण्यांनी त्या चकचकीत बांधाचं तोंडभर कौतुक केलं. बसम्मालाही बरंच वाटलं, खोटं कशाला सांगा?

भादव्यात वेलांना फुलं आली. सकाळच्या धुक्यात ती पिवळी फुलं बघत बसलं की तिला आपण जागे आहोत का झोपेत, हेच कळेनासं व्हायचं. पण फुलामागचा सुपारीएवढा भोपळा चार दिवसांत पिवळा पडून गळायचा. तिनं शेणखत घातलं, राख टाकली, पाणी वाढवलं, मग कमी केलं. शेवटी एका सकाळी समाधीपुढं उभी राहून नवऱ्याशी भांडली.

"तुमचं बी हाय, तुम्हीच बघा की आता!"

भांडून झाल्यावर शांतता पडली आणि ती शांतता तिला परकी वाटली. लग्न होऊन आल्यापासून या बांधावर एक बारीक गुणगुण असायची. रोज शेजारी घोरणाऱ्या नवऱ्याकडं लक्ष जाऊ नये, तसं तिचं तिकडं कधी लक्षच गेलं नव्हतं. आता बांधावर फूल नव्हतं, बोर नव्हती आणि माशीही नव्हती. माशीवाचून भोपळा धरणार कसा?

दुसऱ्या दिवशी मल्लिनाथला आई वेलात वाकलेली दिसली. एक फूल तोडून ती त्यातला पिवळा पराग दुसऱ्या फुलाला हलक्या हातानं लावत होती.

"अव्वा, काय करायलीस?"

"माशीचं काम करते. तू हाकलून दिलीस, मग कुणी करावं?"

मल्लिनाथला आधी हसू आलं. मग त्यानं तणनाशकानं जळालेल्या बांधाकडं पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला.

वेलांवर एकच भोपळा टिकला. येळवशीला त्याची खीर झाली, बी धुऊन चिंधीत गेलं. त्यानंतर मल्लिनाथनं बांधावर तणनाशक मारलं नाही. शेजारी म्हणाले, पोरगं आळशी झालं. तो ऐकून घ्यायचा. तोडलेल्या बोरीला पालवी फुटली, टाकळा उगवला, पावसानंतर बांध पुन्हा गबाळा झाला.

पुढच्या भादव्यात बसम्मा नेहमीसारखी धुक्यात वेलांपाशी गेली. पराग लावायला एक फूल तोडलं, दुसऱ्यावर वाकली आणि थबकली. आत एक बारकी माशी होती, अंगभर पिवळी, आपल्याच नादात गुणगुणत.

बसम्मा किती तरी वेळ तशीच वाकून राहिली. डोळ्यांतलं पाणी पुसायचंही तिच्या ध्यानात आलं नाही.

"गेलं बाई माझं काम," ती हसून म्हणाली आणि हातातलं फूल नेऊन तिनं गुरुपादप्पाच्या समाधीवर ठेवलं.