दिव्याला घातलेली टोपी

नगरपालिकेच्या विद्युत खात्यात त्याला सगळे 'फ्यूज' म्हणत. तोंडावर 'साहेब' आणि पाठ वळली की 'फ्यूज'. कारण उघड होतं. जरा भार पडला की हा माणूस उडायचा. चहा गार आला, उडाला. जिना चढताना पुढचा हळू चालला, उडाला. आणि शहराच्या मनःशांतीसाठी दिवे बसवायचं ठरलं, तेव्हा मोठ्या बाईंनी ते काम नेमकं यालाच दिलं. मोठ्या बाई म्हणजे खात्याच्या प्रमुख. आपल्या हाताखाली कोण काय आहे हे न पाहताच त्यांनी आजवरची सगळी कामं वाटली होती, त्यामुळे यात नवल असं काही नव्हतं.

फ्यूजनं मात्र ते काम असं उराशी धरलं, की जणू तो त्याच्यासाठीच जन्माला आला होता. त्यानं वाचलं, आकृत्या काढल्या, परिसंवाद गाठले. "माणसाच्या मनाची किल्ली प्रकाशात आहे," हे वाक्य तो चारचौघांत इतक्या वेळा बोलला, की खात्यातला शिपाई दाराचं कुलूप उघडतानासुद्धा ते पुटपुटायचा.

नदीकाठच्या बागेत प्रत्येक बाकाशेजारी त्यानं छातीएवढ्या उंचीचा एक खांब उभा केला. खांबाला गोल डोकं, डोक्यात दिवा आणि दिव्याखाली एक डोळा अन् एक कान. नाव 'सोबती'. तुम्ही बाकावर बसलात, की सोबती तुमच्याकडे बघणार. तुम्ही निवांत असाल तर आकाशी होणार. खांदे पाडून बसलात, उसासे टाकलेत, तर तुम्हाला धीर द्यायला मधासारखा पिवळा होणार. आवाज चढवलात तर नारिंगी होऊन हळूहळू उघडझाप करणार आणि आतून एक गोड बाई बोलणार, "थांबा. श्वास घ्या. आता सोडा."

कल्पना काही वाईट नव्हती. फक्त एक गोष्ट फ्यूजच्या ध्यानात आली नाही. दिवा बाकावरच्या माणसालाच दिसतो असं नाही, तो अख्ख्या बागेला दिसतो.

पहिला बळी पडला कोपऱ्यावरचा सलूनवाला. त्याचा भाऊ नुकताच गेला होता. दुकान बंद करून बिचारा घटकाभर बाकावर टेकला, तर सोबती झाला पिवळा. येणारेजाणारे थबकले. "काय झालं हो?" "घरी सगळं बरं ना?" अनोळखी माणसं पाठीवर हात फिरवू लागली. दुसऱ्या दिवशी दुकानात केस कापायला कमी आणि चौकशीला जास्त माणसं आली. एकानं तर अर्धी दाढी झाल्यावर विचारलं, "काल तुम्ही पिवळे झाला होता म्हणे?" वस्तरा हातात असताना असं विचारू नये, एवढीसुद्धा अक्कल माणसाला राहिली नव्हती.

मग लोक शहाणे झाले. बाकावर बसायचं तर ताठ बसायचं, ओठ जरा ताणून ठेवायचे, भांडायचं तर दातांतल्या दातांत. लग्नाच्या फोटोला बसावं तशी माणसं बागेत बसू लागली. बायका नवऱ्याकडे बघून गोड हसत म्हणत, "घरी चल, मग दाखवते." बाग आकाशी रंगात न्हाऊन निघाली. कार्यालयातल्या पडद्यावर प्रत्येक सोबतीचा एक ठिपका होता, तिथं शहर जवळजवळ सगळंच्या सगळं समाधानी दिसू लागलं आणि मोठ्या बाईंनी फ्यूजला सगळ्यांसमोर शाबासकी दिली.

घरी वेगळीच तऱ्हा. त्याची बायको गाण्याची शिक्षिका होती. शाळेनं गाण्याचा तास काढून टाकला आणि त्याबरोबर तिलाही. त्या दिवशी ती घरी येऊन जे बोलली ते फ्यूजनं शांतपणे ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातला दिवा बदलला. तिची आई वारली तेव्हा त्यानं व्हरांड्यात नवा दिवा लावला. मुलगी सासरी गेली आणि हिला घर खायला उठलं, तेव्हा त्यानं मुलीच्या खोलीच्या छतावर पहाट उगवल्यासारखा प्रकाश पाडला. हळूहळू घराचा एकही कोपरा असा राहिला नाही, जिथं ती बसली आणि कुठला तरी दिवा तिची समजूत घालू लागला नाही.

"अहो, मला जरा तुमच्याशी बोलायचंय," ती म्हणायची.

"बोल ना. थांब, हा पांढरा प्रकाश बोलायला चांगला नाही." आणि तो स्टूल शोधायला जायचा. तो स्टुलावर चढेपर्यंत तिचं बोलणं विरून गेलेलं असायचं. अलीकडे ती संध्याकाळी "जरा पाय मोकळे करून येते" म्हणून निघून जाई. चालणं मनाला चांगलं असतं, असं त्यानं वाचलेलं असल्यामुळे त्याला बरंच वाटे.

आता झालं असं, की परदेशातून पाहुणे हा प्रकल्प बघायला येणार होते आणि नेमका एक सोबती बिघडला. बागेच्या टोकाला, पाण्याच्या टाकीजवळ. संध्याकाळ झाली की पडद्यावर त्याचा ठिपका काळा व्हायचा. माणूस नाही, रंग नाही, काही नाही. फ्यूजनं वायरमनला पिटाळलं. वायरमन सकाळी जाऊन आला. "साहेब, दिवा ठणठणीत आहे." संध्याकाळी पुन्हा काळा. पुन्हा पिटाळलं, पुन्हा तेच. आणि गंमत म्हणजे झाडूवाली बाई तक्रार करत होती, की सगळ्या बागेत चहाच्या कपांचा कचरा सर्वात जास्त त्याच बाकाभोवती पडतो.

"रिकाम्या बाकाखाली कप कुठून येतात?" फ्यूज गरजला. वायरमननं खांदे उडवले. 'दिव्याखाली अंधार' ही म्हण खात्यात कुणी उच्चारायची नाही, असा अलिखित नियम होता. तो त्यानं पाळला, पण कसाबसा.

शेवटी फ्यूज स्वतःच गेला. सूर्य नुकताच मावळला होता. बाग नेहमीसारखी आकाशी, माणसं नेहमीसारखी ताठ. पण टाकीकडे जावं तसा कालवा वाढत गेला. बाकावर गर्दी, बाकाच्या पाठीवर माणसं, गवतावर माणसं. सलूनवाला चक्क ढसाढसा रडत होता आणि कुणी त्याला थोपटत नव्हतं, नुसतं शेजारी बसलं होतं. औषधाच्या दुकानातल्या बाई आपल्या दिराचा उद्धार करत होत्या, आणि असा सणसणीत, की ऐकणाऱ्याचे कान किटावेत. एक जोडपं उभ्याउभ्या भांडत होतं आणि आजूबाजूचे लोक मधूनमधून "हे मात्र तिचं बरोबर आहे बरं का" अशी भर घालत होते. आणि सोबतीच्या डोक्यावर, डोळ्याकानांवरून पार गळ्यापर्यंत ओढलेली होती एक लोकरीची टोपी.

फ्यूज उडाला. त्यानं पुढं होऊन टोपी खसकन ओढली.

दिव्यानं डोळा उघडला. क्षणात रडणारा ताठ झाला, दिराचा उद्धार मधेच अडकला, भांडणारं जोडपं एकमेकांकडे बघून गोड हसलं.

"कुणी घातली ही टोपी? सरकारी दिव्याला? कुणाची हिंमत झाली?"

सोबती नारिंगी झाला. "थांबा," गोड बाई म्हणाली. "श्वास घ्या."

"तू गप्प बस!"

"आता सोडा."

फ्यूजनं खांबाला लाथ घातली. खांब लोखंडी होता. तो एका पायावर नाचत असताना बाकाच्या टोकाकडून आवाज आला.

"मी घातली."

त्याची बायको. ती तिथंच बसली होती, इतका वेळ, त्याच्या हाताच्या अंतरावर, आणि त्याला दिसली नव्हती. त्यानं हातातल्या टोपीकडे पाहिलं. करडी लोकर. गेल्या वर्षी ती त्याच्यासाठी स्वेटर विणत होती, त्याचीच. स्वेटरचं पुढं काय झालं हे विचारायचं त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"तू?" तो म्हणाला. "अगं, माझ्या दिव्याला टोपी?"

"इतकी वर्षं तुम्ही मला घालताय, मी एकदा दिव्याला घातली. एवढं काय बिघडलं?"

ताठ बसलेला सलूनवाला फिसकन हसला. औषधवाल्या बाईंनी पदराआड तोंड लपवलं. फ्यूजचा चेहरा असा झाला, की त्याच्यासाठी सोबतीत रंगच नव्हता.

"अहो, मला त्या घरात बसवत नाही," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, उलट खाली आला होता. "जिथं बसावं तिथं कुणीतरी माझी समजूत घालतंय. मला समजूत नकोय. मला नोकरी गेल्याचं वाईट वाटतंय, तर ते वाटू द्या. तुम्ही एकदा तरी विचारलंत, की कुठलं गाणं शिकवत होतीस त्या दिवशी?"

त्यानं टोपी पुन्हा दिव्याच्या डोक्यावर ठेवली, वाकडी बसली, ती सरळ केली आणि गवतावर बसला. "कुठलं?" त्यानं विचारलं.

तिनं सांगितलं. मुलांना दुसरी ओळ कशी जमत नव्हती, एक मुलगी कशी मुद्दाम बेसूर गायची, मुख्याध्यापक दारात येऊन कसे उभे राहिले. तो ऐकत होता. खरोखर ऐकत होता. आणि मग, अगदीच राहवेना तेव्हा, तो म्हणाला, "मला वाटतं, त्या वर्गातल्या ट्यूबलाइट बदलायला हव्या होत्या."

तिनं कपाळावर हात मारून घेतला. पण ती उठून गेली नाही.

पाहुणे आले त्या दिवशी भांडं फुटायचंच होतं. मोठ्या बाई त्यांना बाग दाखवत दाखवत नेमक्या टाकीपाशी आल्या. टोपीवाला दिवा समोर. पाहुण्यांनी बोट दाखवून विचारलं, हे काय? मोठ्या बाईंनी फ्यूजकडे असं पाहिलं, की नोकरी राहते की जाते असं त्याला वाटलं. तो खरं सांगू शकला असता. तोंड उघडलंही होतं त्यानं त्यासाठी. पण पंचवीस वर्षं खात्यात काढलेल्या माणसाचं तोंड आपोआप वेगळं काहीतरी बोलतं.

"हे आमचं निरीक्षणमुक्त विश्रांती क्षेत्र," तो म्हणाला. "प्रायोगिक."

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. एकानं टोपीचा फोटो काढला. महिन्याभरात मोठ्या बाईंनी फर्मान काढलं, की बागेतल्या प्रत्येक सोबतीला टोपी हवी. लोकरीची टिकणार नाही म्हणून प्लास्टिकच्या आल्या. आणि टोपी कोण, कधी आणि किती वेळ घालतं हे कळायला हवं, नाही तर अभ्यास कसा होणार? म्हणून प्रत्येक टोपीत एक छोटा डोळा बसवला गेला. ही शेवटची सुधारणा मात्र फ्यूजची नव्हती, मोठ्या बाईंची होती. त्याला फक्त सही करायची होती. त्यानं केली. करण्याआधी त्यानं कागद दोनदा वाचला, असं वायरमन सांगतो, पण वायरमनचं काय, तो फ्यूजबद्दल दोन चांगले शब्दही बोलायचा अधूनमधून.

टाकीजवळचं बाक त्यानंतर रिकामं पडलं, आता खरोखरचं रिकामं. फ्यूजची पदोन्नती झाली. तो दुसऱ्या शहरांत भाषणं द्यायला जाऊ लागला आणि टोपीची कल्पना त्याला कशी सुचली ते सांगू लागला. घरी येऊन तेच बायकोला सांगायची हिंमत मात्र त्याला झाली नाही. तिनं वर्तमानपत्रात वाचलं, पान घडी घालून ठेवलं आणि एवढंच म्हणाली, "सुचली म्हणे."

बाकावरची मंडळी सलूनमध्ये जमू लागली. दुकान बंद झालं की खुर्च्या फिरवायच्या, शटर अर्धं खाली ओढायचं. तिथं एक साधा पिवळा बल्ब होता, तो लावला की लागायचा आणि विझवला की विझायचा. तिथं तिनं गाण्याचा वर्ग सुरू केला. औषधवाल्या बाईंचा आवाज भसाडा निघाला आणि सलूनवाल्याला ताल म्हणजे काय हे शेवटपर्यंत कळलं नाही, पण ती ओरडायची, ते हसायचे, पुन्हा गायचे.

फ्यूजला एकदा आत घेतलं होतं. गुपचूप बसायच्या अटीवर. तो बसलाही, दोन गाणी होईपर्यंत. मग मान वर करून म्हणाला, "हा बल्ब किती वॅटचा आहे हो?" सगळ्यांनी मिळून त्याला बाहेर काढलं.

तेव्हापासून तो पायरीवर बसतो. वर्ग सुटला की दोघं बरोबर घरी जातात. वाटेत तो तिला आज काय शिकवलं ते विचारतो, आणि तिनं सांगितलं तर मधे बोलत नाही. निदान पहिल्या वळणापर्यंत तरी.